कुणाचीच बाजू न घेणारा फासा

‘फासे उलटे पडले’ असं आपण सहज म्हणून जातो. नशिबाला दोष द्यायचा झाला की पहिल्यांदा फासा आठवतो. पण फाशाचा निकाल खरोखर नशिबावर सोडायचा, त्यात कुणाचा हात चालू द्यायचा नाही, तर त्या फाशाचा आकार कसा असायला हवा? आज त्याविषयी थोडं बोलणार आहे. मी राहतो कासूला. पनवेलहून रोह्याकडे गाडी निघाली की पेण सोडल्यावर, नागोठण्याच्या आधी आमचं स्टेशन लागतं. बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे बोलण्यात भूमिती येणारच. पण घाबरू नका, कागद-पेन्सिल घेऊन बसायची गरज नाही.

आपल्याकडे फाशांची गोष्ट फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळं. त्रिफळा चूर्णातला बेहडा, तोच हा. महाभारतातल्या नलाच्या आख्यानातही बेहड्याचं झाड आहे. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना त्या झाडाची पानं-फळं किती, हे नुसतं पाहून सांगतो. नल फळं मोजून बघतो, तर आकडा बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो. म्हणजे फासा आणि गणित यांचं नातं आपल्या पूर्वजांनी ओळखलेलं होतं.

पुढे सारीपाटाचे लांबट पासे आले, कवड्या आल्या. आता कवडी घ्या. तिची पाठ फुगीर, पोट चिरलेलं. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, म्हणून ती उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडेल याची हमी नाही. लांबट पासा उभा राहत नाही, त्यामुळे त्याच्या चारच बाजू उपयोगाच्या. सहाही बाजू कामाला येतात त्या घनाकृती फाशाच्या. मोहेंजोदडोच्या उत्खननात असे भाजक्या मातीचे फासे सापडले आहेत. त्यांवर एकासमोर दोन, तीनासमोर चार आणि पाचासमोर सहा अशी मांडणी दिसते. आपल्या सापशिडीच्या फाशावर मात्र समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज नेहमी सात येते. घरी असेल तर बघा.

या घनाचं वैशिष्ट्य काय? समजा, ठिपके नसलेला कोरा फासा तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही डोळे मिटले आणि मी तो दुसऱ्या बाजूवर फिरवून ठेवला. डोळे उघडल्यावर तुम्हाला काही कळेल का? नाही. सगळ्या बाजू सारख्या, सगळे कोपरे सारखे. म्हणून एका बाजूने जास्त वेळा पडायला आकारात काही कारणच उरत नाही. फाशाचा निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.

मग प्रश्न येतो, असे आकार आणखी किती? याचं उत्तर प्राचीन ग्रीकांनी दिलं आणि तेही सिद्ध करून दिलं. असे आकार फक्त पाच आहेत. ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमारास युक्लिडने भूमितीचा जो ग्रंथ रचला, त्याचं तेरावं आणि शेवटचं प्रकरण या पाच आकारांवर आहे. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राटांनी हा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. ‘रेखागणित’ हे त्याचं नाव. १९०१-०२ मध्ये तो मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून निघाला.

पाचच का, हे मी मुलांना जुन्या लग्नपत्रिका कापून दाखवत असे. जाड कागद, फुकटचा. सारख्या बाजूंचे त्रिकोण कापा. कोपरा तयार व्हायला निदान तीन तुकडे एकत्र यावे लागतात आणि त्यांच्या कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा कमी भरावी लागते. ती बरोबर ३६० झाली की कागद जमिनीवर सपाट बसतो, कोपरा उठतच नाही. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. तीन जोडले तर १८०, चार जोडले तर २४०, पाच जोडले तर ३००. सहा जोडले की ३६०, संपलं! म्हणून त्रिकोणांचे आकार तीन: चार बाजूंचा चतुष्फलक, आठ बाजूंचा अष्टफलक आणि वीस बाजूंचा विंशतिफलक. चौरसाचा कोन ९०. तीन जोडले तर २७०, तो आपला घन. पंचकोनाचा १०८. तीन मिळून ३२४, तो बारा बाजूंचा द्वादशफलक. षटकोनाचा कोन १२०. तीन जोडताच ३६०, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी सपाट जाळी. तिथे गाडी थांबते. कितीही हुशार कारागीर आणा, सहावा आकार त्याला करता येणार नाही.

युक्लिडच्या आधी प्लेटो या तत्त्वज्ञाने या आकारांना तत्त्वं वाटून दिली होती. अणकुचीदार चतुष्फलक म्हणजे अग्नी, कारण तो टोचतो, जाळतो. स्थिर बसणारा घन म्हणजे पृथ्वी. घरंगळणारा विंशतिफलक म्हणजे पाणी. अष्टफलक म्हणजे वायू. राहिलेला द्वादशफलक त्याने अवघ्या विश्वाला देऊन टाकला. आपल्या पंचमहाभूतांची आठवण होते ना? पण आपल्याकडे ही भूतं शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध यांच्याशी जोडली. प्लेटोने ती भूमितीशी जोडली. तो तर हिशेबही मांडतो: पाण्याचा एक कण फुटला की वायूचे दोन आणि अग्नीचा एक कण होतो. वीस बाजू म्हणजे आठ, आठ आणि चार! रसायनशास्त्र म्हणून हे चूक आहे. आज आपल्याला ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. पण पदार्थ कसा वागतो हे त्याच्या सूक्ष्म कणांच्या आकारावरून सांगावं, ही कल्पना वाया गेली नाही.

त्याचा पुरावा स्वयंपाकघरात आहे. पेणच्या खाडीपट्ट्यात पूर्वीपासून मिठागरं. वाफ्यात पाणी हळूहळू आटलं की मिठाचे जे स्फटिक धरतात, ते घनाकृती असतात. खडेमीठ भिंगाखाली धरा, छोटे छोटे फासेच दिसतील. तुरटीचा दाट द्राव निवांत ठेवला तर तिचे खडे अष्टफलकाचा आकार घेतात. आणि पोलिओच्या विषाणूचं कवच विंशतिफलकाच्या घाटाचं असतं.

या आकारांचे फासेही जुनेच. ग्रीक अक्षरं कोरलेला, इजिप्तमध्ये मिळालेला वीस बाजूंचा फासा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला आणि हे पाचही आकार खेळाच्या टेबलावर आले. मागच्या सुट्टीत माझी नात पुण्याहून अशा सात फाशांची पिशवी घेऊन आली. मी ओळखीच्या माणसांना भेटावं तसा एकेकाला हातात घेत होतो. त्यातले दोन फासे दहा बाजूंचे होते. ते पाचांच्या पंक्तीतले नव्हेत. त्यांच्या बाजू सारख्या असल्यामुळे ते न्यायाने पडतात, पण कोपरे सारखे नसतात. चतुष्फलकाची तर गंमतच. तो पडला की वर बाजू नसतेच, टोक येतं.

मात्र आकार निर्दोष असला म्हणजे फासा प्रामाणिक असतोच असं नाही. ठिपके खोदून केले असतील तर सहाची बाजू किंचित हलकी होते. म्हणून जुगारगृहांतल्या फाशांचे खड्डे तेवढ्याच वजनाच्या रंगाने भरून सपाट करतात. आत शिसं भरलं तर शकुनीमामाच! घरच्या घरी तपासायचं असेल तर पेलाभर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घाला आणि प्लास्टिकचा फासा त्यात सोडा. तरंगला तर त्याला टिचकी मारून फिरवत राहा. दर वेळी तीच बाजू वर येऊ लागली तर समजा, फासा एकीकडे जड आहे.

हे सगळं खेळापुरतं आहे असं समजू नका. २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मतं पडली आणि निकाल चिठ्ठीवर लागला. सरपंचपदाचं आरक्षण कुठल्या गावाला, तेही सोडतीने ठरतं. तिथे गावाची पाच वर्षं पणाला लागलेली असतात. अशा वेळी ‘देवाच्या मनात होतं तसं झालं’ म्हणून गप्प बसायचं कारण नाही. चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकाच कागदाच्या, सारख्याच घडीच्या आहेत ना, डबा सगळ्यांसमोर हलवला ना, हे बघण्याचा हक्क आपला आहे. कोऱ्या फाशाची परीक्षा इथेही लागू पडते. घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या समोर ठेवल्या, डोळे मिटून उघडले, तर कुठली कोणती हे कळता कामा नये. कळत असेल तर सोडत पुन्हा करा, असं म्हणायला कचरू नका.