माणगावचे यशवंतराव, माँटोनेचे यशवंतराव
(वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



दुसऱ्या महायुद्धात विमान घेऊन गेलेल्या आणि पुढे ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही अशा 20 हजारांहून अधिक वायुसैनिकांची नावे इंग्लंडात रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत. बॉम्बफेकी विमानांतली कितीतरी पोरे त्यांत आहेत. जमिनीवर लढता लढता गेलेल्या, थडगे न लाभलेल्या चार हजारांवर सैनिकांची नावे इटलीत कासिनोला आहेत. त्यांतले एक नाव आपल्या जिल्ह्यातले. नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव.

माणगावच्या तहसील कचेरीत त्यांचा पुतळा आहे. श्रीवर्धन-म्हसळ्याची आपण माणसे माणगाव स्टँडवर गाडी बदलतो, पण तिथवर किती जण गेलो असू?

10 जुलै 1944. टायबर नदीचे वरचे खोरे. मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी जर्मन ठाण्यावर चालून गेली. यशवंतराव एका सेक्शनचे प्रमुख, वय बावीस. अगदी जवळून मशीनगन धडधडू लागली आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण पडला, कुणी ठार, कुणी जखमी. मागे कुणी उरलेले नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी ते धावले. आधी हातबॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद. मग टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता मनातले बोलतो. ‘इंग्रजांचा शिपाई’ म्हणून या माणसांना आपण स्वातंत्र्याच्या गोष्टीतून वगळले. मला हे मुळीच पटत नाही. पोटासाठी पलटणीत जाणे ही कोकणातल्या घराघरातली रीत होती, आणि त्या खोऱ्यातून नाझी हटले ते अशाच पोरांमुळे. इटलीत 5,782 भारतीय सैनिक पडले. तिथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांचे.

तिथले लोक ते विसरले नाहीत. जुलै 2023मध्ये पेरुजाजवळच्या माँटोने गावाने यशवंतरावांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्याच्यासाठी निवडले आहे. परक्या गावाने आपल्या माणसासाठी हे केले, याचा मला अभिमान वाटतो आणि आपल्याबद्दल वाईटही वाटते.

म्हणून कॉलेजच्या मुलांना माझी विनंती आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत बऱ्याच सैनिकांच्या नावापुढे बापाचे नाव आणि गावही आहे. जिल्ह्याचे नाव तिथे जुने, ‘कुलाबा’ असे शोधा. पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले ते सांगणाऱ्या पाट्याही कोकणात काही ठिकाणी आहेत, त्या घासूनपुसून वाचा. गावागणिक यादी करा आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. यशवंतरावांचे नाव निदान पुतळ्याखाली तरी आहे. त्यांच्या सेक्शनमध्ये त्या दिवशी पडलेल्यांची नावे आपल्यापैकी कुणाला सांगता येतील?