‘ब्र’ काढण्याचा हक्क

राजकीय कार्यकर्त्यांपुढे एखाद्या कादंबरीचा विषय निघाला की एक आक्षेप ठरलेला असतो. नांदेड-लातूरकडे पावसाचा भरवसा नाही, सोयाबीनला भाव नाही, तरुणांच्या हाताला काम नाही. अशा वेळी एका स्त्रीच्या प्रेमाची आणि आत्मशोधाची चर्चा कशाला? तो जिचा-तिचा घरातला प्रश्न! नांदेडात जन्मलेल्या कविता महाजन (१९६७–२०१८) यांची ‘ब्र’ ही २००५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या आक्षेपाचे मूळच तपासते.

हा शोध मराठी कादंबरीला नवा नाही. विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मधील अचलेने १९३४ सालीच, नवऱ्यापासून दुरावल्यावरही, प्रेमाचा आणि मातृत्वाचा हक्क मागितला होता. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदेशीर मार्ग नव्हता. तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दिला. ‘ब्र’मधील प्रफुल्लेच्या पाठीशी हा कायदा आहे, शिक्षणही आहे. तरीसुद्धा तिचा आवाज घराच्या चार भिंतींत दबून गेलेला आहे. कायदा दार उघडतो. उंबरठा ओलांडण्याचे बळ मात्र तो देऊ शकत नाही.

संसार मोडल्यानंतर प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेत काम करू लागते आणि पंचायतींत निवडून आलेल्या आदिवासी स्त्रियांपर्यंत जाऊन पोहोचते. इतरांची दुःखे टिपण्यासाठी निघालेल्या या स्त्रीला त्यांच्या बोलण्यातून स्वतःच्या मुकेपणाची ओळख पटत जाते. तोंडातून ब्र न काढणे म्हणजे मुकाट्याने सोसणे. कादंबरीच्या नावाचा रोख नेमका तिकडे आहे. आत्मशोध म्हणजे एकांतातले चिंतन, ही मध्यमवर्गीय समजूत येथे गळून पडते. तो शोध इतर स्त्रियांच्या संगतीत, कामातून आणि संघर्षातून घडतो. परोपकाराच्या नावाने चालणाऱ्या संस्थांतील दांभिकताही लेखिकेने झाकलेली नाही. पक्षसंघटनांनीही त्या आरशात एकदा पाहावे.

ही केवळ कल्पनेतली गोष्ट आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी १९९३ हे साल आठवावे. त्या वर्षी २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालला, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. चावडीवर ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्या स्त्रिया अभियंता आणि गावकरी यांच्यातील दुवा बनल्या. पडक्या घराला आधार देता देता त्यांना स्वतःचा आवाज गवसला. प्रफुल्लेचा प्रवास याहून निराळा नाही.

महाराष्ट्राने २०११ साली हे आरक्षण निम्म्यावर नेले. तरीही पत्नीच्या नावाची पाटी आणि खुर्चीवर पती, हे दृश्य संपलेले नाही. आणि तो पती पुष्कळदा एखाद्या पुरोगामी पक्षाचाच कार्यकर्ता असतो! सभेत समतेवर भाषण करणारा हा गृहस्थ घरी पत्नीला तिचे मत किती वेळा विचारतो? ठरावावर सही घेण्यापूर्वी तो तिला वाचून तरी दाखवतो काय?

प्रेमाचा प्रश्न राजकीय ठरतो तो याच ठिकाणी. प्रेम म्हणजे केवळ तारुण्यातील ओढ नव्हे. आपले म्हणणे न भिता मांडता येईल आणि ते ऐकून घेतले जाईल, ही खात्री म्हणजेही प्रेम होय. ज्या घरात ती खात्री नाही, तेथील स्त्रीने ग्रामसभेत निर्भयपणे बोलावे अशी अपेक्षा धरणे हा ढोंगीपणा आहे.

म्हणून साथींनो, ‘ब्र’ ही केवळ स्त्रियांनी वाचायची कादंबरी नव्हे. ती शाखेच्या बैठकीत पुरुष कार्यकर्त्यांनी वाचावी आणि मग घरी जाऊन थोडा वेळ गप्प बसावे. समतेचा आरंभ कधी कधी पुरुषाच्या मौनापासून करावा लागतो.