समुद्राची नोंदवही



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. शिक्षकाच्या कामाचे फळ शिकवले त्याच दिवशी दिसत नाही. ते वीस-पंचवीस वर्षांनी दिसते. विज्ञानातही अशी काही कामे आहेत. त्यांपैकी एकाची ओळख आज करून देण्याचे मी योजिले आहे.

ॲलिस्टर हार्डी हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात गेले होते. देवमाशांचे अन्न कोठे आणि किती, हा त्या मोहिमेचा प्रश्न होता. जहाज थांबवून जाळे टाकले, तर त्या एका जागेचेच प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, हाती लागतात. मधल्या मैलोगणती समुद्राचे काय? या विचारातून त्यांनी एक यंत्र रचले. ते धावत्या जहाजामागे ओढत न्यावयाचे. पाणी लहानशा तोंडातून आत शिरते व रेशमी जाळीतून गाळले जाते. पाण्याच्या ओघानेच फिरणाऱ्या पंख्याच्या बळावर ती जाळी हळूहळू गुंडाळत फॉर्मॅलिनमध्ये साठत जाते. जाळीचा कोणता भाग कोणत्या दहा सागरी मैलांचा, हे त्यावरून सांगता येते. १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे हे यंत्र उत्तर समुद्रात जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता ते काम आजही चालू आहे.

या नोंदींनी काय दिले? उत्तर अटलांटिकचे पाणी तापू लागले, तसे थंड पाण्यातील ‘कॅलॅनस फिनमार्किकस’ हे झिंग्यांच्या कुळातील बारीक जीव उत्तरेकडे सरकले व त्यांची जागा उष्णतेला सरावलेल्या त्यांच्या भाईबंदांनी घेतली. चाळीस वर्षांत हे स्थलांतर सुमारे दहा अक्षांशांइतके झाले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉड माशांची पिले याच जिवांवर पोसली जातात. तेव्हा मासळी घटण्यास केवळ अतिरेकी मासेमारी नव्हे, तर अन्नसाखळीतील हा बदलही कारण असतो, हे त्यातून उमगले.

आणि तरीही हे काम बंद पडण्याच्या बेतात होते. १९८० नंतरच्या दशकात, नुसत्या नोंदी म्हणजे संशोधन नव्हे, असा सूर बळावला आणि सरकारी आधार सुटू लागला. हार्डींच्या नावाने न्यास स्थापन झाला, म्हणून हा वारसा वाचला. पुढे २००४ मध्ये प्लिमथच्या संशोधकांनी जपून ठेवलेल्या जुन्या जाळ्या पुन्हा तपासल्या. त्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू आढळले. १९६० च्या सुमारापासून ते वाढत गेले होते. प्लवकांसाठी साठवलेल्या जाळीने असे उत्तर दिले, की ज्याचा प्रश्न ती ओढणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हता.

आपल्या दारचेच उदाहरण घ्या. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोरील समुद्रात एका ठरावीक जागी पुनःपुन्हा जाऊन नोंदी घेत आले आहेत. पावसाळा सरता सरता तेथील तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो. तो दरवर्षी सारखा घटत नाही. एका वर्षाची नोंद घेऊन बसलो, तर ऋतूचा नेम कोणता आणि बिघाड कोणता, हे ओळखताच येणार नाही. बांगडे आणि तारले का आले नाहीत, असे बाजारात विचारले जाते, त्या प्रश्नाची वाट अशा वह्यांतूनच जाते.

असे काम कोणा एकाच्या हयातीत पुरे होत नाही. ते पुढच्या हाती सोपवावे लागते, तेही पद्धत न बदलता. शाळेइतके हे कोणाला साधेल? समुद्रकाठची एक जागा निवडा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पाण्याचे तापमान आणि खडकांवरचे जीव लिहून ठेवा, आणि वर्ग पुढे गेला की वही मागच्या वर्गाकडे द्या. खर्च थोडा आहे; लागते ती चिकाटी. एक पान गाळले, तर ते मागाहून कितीही पैसा ओतून लिहिता येणार नाही, एवढे मात्र ध्यानी असू द्या.