कप वेगळा करणाऱ्या शिकलेल्यांना
(विद्यार्थी वसतिगृहातील भाषण)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलं. कविता नंतर. आधी मला तुमची परीक्षा घ्यायचीय. हसू नका. मी मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल, तुम्ही युनिव्हर्सिटीवाले. तरी घेणार.

टीबी कशानं होतो? जंतूनं. बरोबर. जंतू कुणी शोधला? रॉबर्ट कॉखनं, २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जाहीर केलं. बरोबर. आईबापाच्या रक्तातून येतो? नाही. बरा होतो? होतो. शाब्बास, पैकीच्या पैकी मार्क.

आता शेवटचा प्रश्न. तुमच्या खोलीतल्या दोस्ताला टीबी निघाला, तर त्याच्या कपातून चहा पिणार?

बघा, कसे गप्प झालात.

अरे, टीबी कपातून पसरतच नाही. ताटातून नाही, कपड्यातून नाही, हात मिळवल्यानं नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा जंतू हवेत उडतात. कोंदट खोलीत ते तासन्‌तास तरंगतात. म्हणजे उघडायची ती खिडकी, आणि तुम्ही वेगळा करता कप! ही अक्कल विज्ञानाची नाही. ती कुठून आली, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेली कपबशी आपल्या बापजाद्यांनी स्वतः विसळून चहा प्यायलाय. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले ते कशासाठी? त्यांच्या लेकरांनी मेसमध्ये दोस्ताचं ताट बाजूला ठेवावं म्हणून?

आमच्या गल्लीतल्या एका पोराचं असंच झालं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. मेसमध्ये कुणी काही बोललं नाही, फक्त त्याचं ताट वेगळं झालं. मग तो गोळ्या पेपरात गुंडाळून संडासात जाऊन खायचा. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं. त्याला वाटलं, सुटलो. गोळ्या बंद, म्हणजे लपवायलाही काही नाही. पुढं खोकला पुन्हा आला, आणि या वेळी नेहमीची औषधं लागूच पडेनात. आता दुसरी, जास्त जड औषधं चालू आहेत. पायांची आग होते म्हणून रात्र रात्र जागतो. कॉलेज सुटलंय. तो मला म्हणाला, ‘दादा, खोकल्यापेक्षा ते ताट जास्त लागलं.’

साध्या टीबीचा इलाज सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात फुकट. औषध लागू पडलं की थोड्याच आठवड्यांत त्या माणसाकडून लागण होणं जवळजवळ थांबतं. म्हणजे तुमच्या समोर गोळी गिळणारा दोस्त धोक्याचा नाही. धोका आहे तो लपवणाऱ्याचा. आणि त्याला लपवायला लावतो कोण? आपण.

घरातून माणूस हाकलावा लागतो हेही खोटं. १९५९ साली मद्रासच्या संशोधनानं दाखवलं की गरिबाच्या गर्दीच्या घरात राहून औषध घेणारे, सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात, आणि त्यामुळे घरच्यांना जास्त लागण होत नाही.

पण नुसत्या गोळीवर हिशोब मिटत नाही. जंतू कित्येकांच्या अंगात असतो, बहुतेकांना आजार कधीच होत नाही. तो उठतो उपाशी अंगात, थकलेल्या अंगात. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ, जीवनसत्त्वं दिली. २०२३ साली निकाल छापून आला: त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी! पोटात डाळ गेली तर जंतू हरतो, भावांनो. आणि डाळ कुणाच्या ताटात नाही, खिडकी कुणाच्या खोलीला नाही, हे जातीला विचारा. मुंबईत झोपडी पाडून बिल्डिंगीत कोंबलेल्यांना विचारा, जिथं खालच्या मजल्यावर भरदुपारी दिवा लावावा लागतो.

म्हणून कविता वाचण्याआधी एवढं मागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यातलं काहीही दिसलं तर दोस्ताला एकटं धाडू नका, सोबत जा. थुंकी तपासून घ्या. रोज गोळीच्या वेळी त्याच्याजवळ बसा. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना हजार रुपये ठरलेत. ते वेळेवर आले नाहीत तर चौघं मिळून दवाखान्यात जाब विचारा. खोल्यांना खिडक्या मागा, त्यासाठी मोर्चा काढा.

आणि आज रात्री मेसमध्ये ते बाजूला ठेवलेलं ताट उचलून पंगतीत आणा. त्यानंतर कविता वाचीन. नाही आणलंत, तर तुमच्यासाठी माझ्याकडे कविता नाही.

जयभीम.