समुद्रापासून दोन मिनिटांवर

(मंडळाच्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



दिवाळीनंतर मंडळातली बरीच कुटुंबे कोकणात जातात आणि हॉटेल कोणते घ्यावे, असे आम्हाला विचारतात. मागच्या दिवाळीनंतर आम्ही आईला घेऊन अलिबागला गेलो होतो. तिथे आम्ही काय चुकलो ते सांगतो, म्हणजे तुमची तरी चूक टळेल.

आपण भैरवगढची माणसे. काळभैरवाला आलेले यात्रेकरू आपल्यालाच रस्ता विचारतात. २०२२ मध्ये महाकाल लोक झाले आणि उज्जैनचे जो तो हॉटेलवाला 'मंदिरापासून पाच मिनिटे' म्हणू लागला. ती पाच मिनिटे किती लांबतात, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. तरीही 'समुद्रापासून दोन मिनिटे' हे वाचून आम्ही भुललो. सरकारी बांधकामाचे नकाशे वाचणे हे आमचे रोजचे काम, पण स्वतःच्या वेळी फक्त फोटो पाहिले!

आई शहात्तर वर्षांची. क्षिप्रा पाहिली, नर्मदा पाहिली, समुद्र कधीच नाही. गुडघे दुखतात, म्हणून जास्त भाडे देऊन जवळचे हॉटेल घेतले. प्रत्यक्षात हॉटेल आणि समुद्र यांच्यामध्ये मुंबईच्या धनिकांचे बंगले आणि उंच कुंपणे. वळसा घालून वाट जवळजवळ एक किलोमीटर. पहिल्या दिवशी आई अर्ध्या रस्त्यातून परतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला रिक्षाने नेले, तर भरती आलेली. पाणी थेट बांधाला टेकलेले, पाय ठेवायला वाळू नाही. आई म्हणाली, "लांबून बघितला ना, पुरे झालं." ते 'पुरे' आमच्या मनाला फार लागले.

तेव्हा मंडळी, पहिली गोष्ट. हॉटेलवाल्याला अंतर विचारू नका, वाट विचारा. पायवाट कुठून जाते, पायऱ्या किती, रात्री दिवा असतो का, हे फोनवर विचारा. १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी घातली. पुढे नियम बदलत गेले, तरी 'अगदी पाण्याला लागून' असे कोणी सांगितले की दोनदा चौकशी करावी. घरात म्हातारे माणूस असेल, तर खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रापेक्षा तळमजल्याची खोली आणि दारापर्यंत येणारी रिक्षा मोलाची.

दुसरी गोष्ट भरतीची. ती आम्हाला तिथल्या घोडागाडीवाल्याने शिकवली. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ निघते. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आम्ही संध्याकाळी गेलो ती सप्तमी होती. सातची पाऊणपट सव्वापाच. भरती असणारच! पंचांग आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे, पण ते समुद्रालाही लागू पडते, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

तिसऱ्या दिवशी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. त्या हिशेबाने आईला घोडागाडीत बसवले आणि ओल्या वाळूवरून कुलाबा किल्ल्याच्या दारापर्यंत नेले. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. चढण आईला झेपणार नव्हती. तिने दारातूनच हात जोडले. परतताना गाडी थांबवायला सांगितली, चपला काढल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

दोन दिवसांचे जादा भाडे वाया गेले, त्याचे आता काही वाटत नाही. पण गाडीवाला भेटला नसता, तर आई ते 'पुरे' घेऊनच भैरवगढला परतली असती. म्हणून सांगतो, घरातल्या ज्या माणसाला सगळ्यांत कमी चालवते, त्याच्या पावलांनी अंतर मोजा आणि मगच हॉटेल ठरवा.

गणपती बाप्पा मोरया!