पहिला पगार सारखा, दुसरा वेगळा

(नागपूरजवळच्या वाडी येथील दीक्षान्त भाषण)



येत्या काही दिवसांत वाडी, दत्तवाडी, हिंगण्याच्या घराघरांत पाहुणे येतील, पेढा तोंडात टाकतील आणि विचारतील, ‘पोराले पॅकेज किती भेटलं?’ उत्तरादाखल एक आकडा सांगितला जाईल. पाच वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आज याच मांडवात शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांच्या उत्तरांत दुपटीचा फरक पडलेला असू शकतो. पदवी एक, गुणपत्रिका जवळपास सारखी. एक जण बंगळूरला गेलेला, दुसरा इथेच नागपूरच्या मिहानमध्ये राहिलेला. हा फरक कुठून येतो आणि त्याबद्दल काय करता येतं, हा आजचा विषय आहे.

सुरुवातीला हा फरक जवळजवळ नसतोच. कॅम्पसमधून हजारोंनी भरती करणाऱ्या कंपन्यांचं नेमणूकपत्र देशभर एकच असतं. टीसीएसच्या ‘निंजा’ गटातल्या नवख्या अभियंत्याला वर्षाला सुमारे ३.३६ लाख रुपये, इन्फोसिसमध्ये सुमारे ३.६ लाख. मग नेमणूक चेन्नईला होवो, हिंजवडीला होवो की मिहानला. हा आकडा गेल्या दीड दशकात फारसा हललेला नाही. किरकोळ महागाईचा सरकारी निर्देशांक २०१२ साली १०० धरला, तर २०२४ मध्ये तो १९० च्या पुढे गेला होता. म्हणजे २०१२ मध्ये तीन-सव्वातीन लाखांवर सुरुवात करणाऱ्याची ऐपत नुसती टिकवायची म्हटलं, तरी आज सुरुवात सहा लाखांच्या आसपास व्हायला हवी होती. ती होत नाही, कारण त्या जागेसाठी दरवर्षी देशभरातून लाखो अभियंते उभे राहतात.

मागणी मात्र दरवर्षी तेवढी नसते. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी विक्रमी भरती केली. त्यानंतर दोनच वर्षांत, २०२३-२४ मध्ये, टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या जवळपास ६४ हजारांनी घटली. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांवर निवडलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय दिला. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचं जाहीर केलं, त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. याच काळात त्याच कंपनीच्या ‘डिजिटल’ आणि ‘प्राइम’ या गटांतल्या नवख्यांना निंजाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त पगार मिळत होता. पहिल्या पगारातला फरक शहरामुळे पडत नाही. कंपनीच्या भरती परीक्षेत कोड किती चांगला लिहिला, यावर तो ठरतो.

मग शहराचा संबंध कुठे येतो? तो साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो, पहिली नोकरी बदलायची वेळ आली की.

चार वर्षं क्लाउडवर किंवा डेटावर काम केलेल्या मुलीला बंगळूरात त्याच कामासाठी शेकडो कंपन्यांकडे अर्ज करता येतो. तिने राजीनामा दिला तर आधीची कंपनी थांबवण्यासाठी पगार वाढवून देते, नवी कंपनी त्याच्या वर बोली लावते. नागपुरात त्या अनुभवाला जागा देणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजता येतात. तिचं कौशल्य कमी नसतं, तिच्याकडे पर्याय कमी असतात. अनुभवी माणसाच्या पगारातला प्रादेशिक फरक बहुतांशी इथे तयार होतो. शहरातली महागाई हे त्याचं दुय्यम कारण आहे.

बंगळूरला हे पर्याय एका रात्रीत मिळालेले नाहीत. तिथे १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था होती. १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट आली, १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तिथे केंद्र उघडलं तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स जाणणारी माणसं शहरात आधीच होती. महाराष्ट्राला चटका लावणारं उदाहरण इन्फोसिसचं आहे. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली, कारण मायको हा तिचा मोठा देशी ग्राहक तिथे होता. ग्राहक तिकडे म्हणून कंपनी तिकडे, कंपनी तिकडे म्हणून माणसं तिकडे, आणि माणसं तिकडे म्हणून पुढची कंपनीही तिकडेच. परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी भारतात उघडलेली जागतिक क्षमता केंद्रंही याच वाटेने गेली. २०२४ पर्यंत देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रं होती, त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते, आणि सर्वाधिक केंद्रं बंगळूरात होती.

नागपुरात ही साखळी जुळली नाही. इथे शिक्षण आलं. अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ ची, विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, १९६० चं. १९८४ मध्ये रामदेवबाबा आणि यशवंतराव चव्हाण ही अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. अभियंते तयार होत राहिले, पण त्यांना घेणाऱ्या कंपन्या इथे नव्हत्या. म्हणून विदर्भातल्या दोन पिढ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आणि आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याला गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत ८८१ किलोमीटर बारा तासांत कापते. ती सुरू झाली तेव्हा देशातली सर्वात लांब पल्ल्याची वंदे भारत होती. या दोन शहरांतला ओढा किती मोठा आहे, ते त्यावरून दिसतं.

गेल्या वीस वर्षांत मात्र चित्र पालटू लागलं आहे. परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आणि इन्फोसेप्ट्स आहेत. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, मिहानचं सेझ उभं राहिलं, तिथे टीसीएस आणि एचसीएल आल्या, २०२३ मध्ये इन्फोसिसनेही केंद्र उघडलं. एचसीएलने लखनौ, मदुराई, विजयवाडा आणि नागपूर ही शहरं ठरवून निवडली. घराजवळ काम मिळालेला माणूस लवकर सोडून जात नाही, हा हिशेब त्यामागे आहे. तो कंपनीच्या फायद्याचा आहेच, पण मुलांनी त्याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. जो माणूस सोडून जाणार नाही अशी खात्री असते, त्याचा पगार वाढवण्याची घाई कोणाला नसते. नागपुरात राहणाऱ्याने म्हणूनच आपल्या कौशल्याचा बाहेरचा भाव दरवर्षी तपासला पाहिजे. मुलाखती द्याव्यात आणि तो आकडा घेऊन वरिष्ठांशी बोलावं.

एकाच कामाला दोन गावांत वेगळा पगार असावा का, यावर जगात एकमत नाही. केंद्र सरकारचं उत्तर त्याच्या वेतननियमांत पाहता येतं. सातव्या वेतन आयोगानुसार दहाव्या स्तरावर रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याचं मूळ वेतन देशात कुठेही ५६,१०० रुपयेच असतं. बदलतो तो घरभाडे भत्ता. जानेवारी २०२४ पासून पुणे, बंगळूरसारख्या ‘एक्स’ शहरांत तो ३० टक्के आणि नागपूरसारख्या ‘वाय’ शहरांत २० टक्के झाला. म्हणजे महिन्याला फरक ५,६१० रुपयांचा. कामाची किंमत सारखी, फक्त भाडं वेगळं, असं हे तत्त्व आहे. फेसबुकने मे २०२० मध्ये याच्या उलट भूमिका घेतली. घरून काम करणारा स्वस्त गावात गेला तर पगारही कमी होईल, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकेतली ३७सिग्नल्स ही छोटी कंपनी मात्र कर्मचारी कुठेही राहत असला तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या दराने पगार देते. भारतात घरून काम करण्याची मुभा आता आक्रसली आहे. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. त्यामुळे कुठे राहायचं हा प्रश्न पुन्हा कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, आई-वडिलांसमोर बसून सोडवावा लागतो.

तो सोडवताना कागद-पेन घ्यावं. ३.३६ लाखांच्या पॅकेजमधून हातात महिन्याला साधारण २२ ते २५ हजार येतात. बंगळूरात किंवा पुण्यात त्यातून खोलीचं भाडं, डबा, बस आणि सुरुवातीलाच भरायची अनामत काढली की महिनाअखेरीस फार थोडं उरतं. बंगळूरात अनामत अनेक महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात. वाडीतून मिहानला जाणाऱ्या मुलीच्या हातात त्याच पगारातले बरेच पैसे शिल्लक राहतात. पहिल्या दोन वर्षांपुरता पैशांचा हिशेब नागपूरच्या बाजूने आहे, हे निःसंकोच सांगायला हवं. पण हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात काम लिहावं लागतं. प्रकल्प कोणता, ग्राहकाशी थेट बोलायला मिळतं का, चूक दाखवणारा जाणता वरिष्ठ शेजारी आहे का? ज्या जागी ही उत्तरं चांगली असतील, ती जागा दोन हजार कमी देत असली तरी तिसऱ्या वर्षी ते भरून निघतात. आणि मुलगी आहे म्हणून जवळची नोकरी, मुलगा आहे म्हणून लांबची, असा निर्णय पालकांनी घेऊ नये. दोघांसाठी एकच कागद असावा.

तंत्रज्ञानाची नोकरी म्हणजे फक्त काचेच्या इमारतीतली नोकरी, ही समजूतही आता सोडायला हवी. या अमरावती रोडवर गोदामांची रांग आहे. वाडीचं पोट वर्षानुवर्षं वाहतुकीवर चाललं, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याची गरज कमी होऊन मध्यवर्ती ठिकाणच्या मोठ्या गोदामांचं महत्त्व वाढलं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. या गोदामांत साठ्याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं, स्कॅनर आणि सेन्सर लागतात, गाड्यांचे मार्ग आखणारे गणिती लागतात. जवळच्या अंबाझरीला ऑक्टोबर २०२१ पासून यंत्र इंडिया या संरक्षण उत्पादनाच्या सरकारी कंपनीचं मुख्यालय आहे. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने बनवलेल्या ‘नागास्त्र-१’ या आत्मघाती ड्रोनची १२० नगांची पहिली खेप जून २०२४ मध्ये लष्कराला मिळाली. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सवाले लागतात, यंत्रवाले लागतात, दिशादर्शनाचा कोड लिहिणारेही लागतात. ही कामं बंगळूरच्या पगाराच्या तक्त्यात दिसत नाहीत, पण ती इथे आहेत आणि वाढत आहेत.

मोठ्या शहराबाहेर अव्वल सॉफ्टवेअर घडतं याचा पुरावा तमिळनाडूत आहे. झोहो या कंपनीने २०११ मध्ये तेनकाशीजवळच्या मथलंपराई या गावात कार्यालय उघडलं. संस्थापक श्रीधर वेंबू पुढे स्वतः तिथेच राहायला गेले. आसपासच्या मुलांना शिकवून त्यांच्याकडून जगभर विकलं जाणारं उत्पादन बनवून घेता येतं, हे त्यांनी दाखवलं. तिथे गावाकडे काम आलं, कारण कंपनीची मालकी आणि उत्पादन दोन्ही तिचं स्वतःचं होतं. नागपुरात शाखा पुष्कळ आल्या. इथेच जन्मलेली, इथेच निर्णय घेणारी उत्पादनं अजून थोडी आहेत. आज पदवी घेणाऱ्यांपैकी काही जण दहा वर्षं बाहेर काम करून, ग्राहक ओळखून परत आले आणि इथे कंपनी काढली, तर त्यांच्यामागे येणाऱ्यांना नोकरी बदलायला शहर बदलावं लागणार नाही.

तोवर हाती पडलेलं नेमणूकपत्र नीट वाचावं. मोठ्या आकड्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम मिसळलेली असते. निश्चित रक्कम किती, हे लेखी विचारण्यात संकोच नसावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, आणि ग्रॅच्युइटीसारख्या लाभांसाठी धरायचं वेतन एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही. बाँड असेल तर रक्कम आणि मुदत पाहूनच सही करावी. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

शेवटी एक मागणी, संस्थेकडे आणि या तुकडीकडे. प्रवेशाच्या दिवसांत अमरावती रोडवर फलक लागतात, त्यांवर एकाच विद्यार्थ्याचं सर्वोच्च पॅकेज छापलेलं असतं. पालकाला हवा असतो मधला आकडा. सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा. राष्ट्रीय मानांकनात, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणारी महाविद्यालयं हा आकडा केंद्राला देतातच. तोच फलकावर छापावा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराची किमान-कमाल मर्यादा लिहिणं सक्तीचं केलं. आपल्याकडे असा कायदा नाही, पण एक वही ठेवायला कायदा लागत नाही. या तुकडीतल्या प्रत्येकाने दरवर्षी जूनमध्ये आपलं शहर, काम, अनुभवाची वर्षं आणि निश्चित पगार एवढंच, नाव न लिहिता, माजी विद्यार्थी संघाकडे कळवावं. बंगळूर, पुणे, हैदराबाद, मिहान, हिंगणा एमआयडीसी, सगळे एका तक्त्यात येतील. कॅम्पसचा हंगाम सुरू होण्याआधी तो अंतिम वर्षाच्या मुलांच्या हाती पडला, तर त्यांच्याइतकी पक्की माहिती घेऊन मुलाखतीला बसणारी मुलं विदर्भात दुसरी नसतील. पहिली नोंद येत्या जूनपासून सुरू व्हावी.