अवजड वाहनाची अनुज्ञप्ती : कागद आणि कसब

(अवजड वाहनचालक प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



वृत्तपत्राच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या माणसाने गिअर आणि ब्रेकवर बोलावे, हे तुमच्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु रात्री छापलेले वृत्तपत्र पहाटे तालुक्याच्या गावी पोहोचते, ते कुणीतरी रात्रभर जागून गाडी हाकलेली असते म्हणून. अग्रलेख लिहिणारा त्यावेळी गाढ झोपेत असतो. त्या ऋणाची जाणीव ठेवून चार शब्द बोलणार आहे.

आपण ज्याला ‘लायसन’ म्हणतो, त्याला परिवहन खात्याच्या मराठीत ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. ‘परवाना’ हा शब्द तेथे वाहनाच्या परमिटसाठी राखलेला आहे. शब्द अवघड आहे खरा, पण अर्थ मोठा आहे. समाजाने एका माणसाला दिलेली ती अनुज्ञा आहे. पन्नास प्रवाशांचे प्राण किंवा पंचवीस टनांचा भार तू सांभाळू शकतोस, असे आपण सर्वांनी त्याला लिहून दिलेले असते.

हे लिहून देण्यापूर्वी कायदा काय पाहतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. मोटार चालविण्यास अठरा वर्षांचे वय पुरते. परिवहन वाहनासाठी मात्र वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष हाती असल्याखेरीज ट्रक-बसची शिकाऊ अनुज्ञप्तीही मिळत नाही. त्यानंतर वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र आणि शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्यावर प्रत्यक्ष चाचणी. प्रवासी वाहन चालवायचे तर बिल्ला निराळा.

टेम्पोवाल्यांचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून सांगून ठेवतो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हे सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यापुढच्या वजनाला ही सवलत नाही. योग्य अनुज्ञप्ती नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. कर्जाने एकच गाडी घेतलेल्या कुटुंबाचे मग काय होईल, हे येथे बसलेल्या मातांना सांगावयास नको.

शिक्षणाच्या अटीविषयी माझे मत थोडे निराळे आहे. परिवहन वाहनाच्या चालकाला आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली रद्द झाली. अनेक सुशिक्षितांनी त्यावर नाक मुरडले. मला तो निर्णय योग्य वाटतो. क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला, उस्तादाच्या शेजारी बसून आठ-दहा वर्षांत टायरच्या आवाजावरून हवा ओळखणारा माणूस केवळ शाळेच्या दाखल्यावाचून अडावा, आणि आठवीचा कागद असलेल्या नवशिक्याला वाट मोकळी असावी, यात न्याय नव्हता. मात्र शाळेची अट गेली, तेव्हा प्रशिक्षणाची अट अधिक कडक पाळली गेली पाहिजे. घोडे अडते ते नेमके येथेच. शिकवणी न घेता प्रमाणपत्र ‘मिळवून देणारे’ गावोगावी आहेत आणि ते घेणारेही आपलेच लोक आहेत.

हा कागद खोटा निघाला की काय होते, ते घाटात कळते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक आहे. उतारावर गाडी इंजिनाच्या जोरावर रोखून धरावी लागते. सतत पायाने ब्रेक दाबत राहिले तर ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक धरत नाहीत. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून इंजिन बंद केले, तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद केल्याची बाब तेव्हाच्या तपासात पुढे आली होती. हे दोन मिनिटांत सांगता येते, पण अंगी बाणायला चांगल्या शिक्षकाशेजारी बसून घाट उतरावा लागतो. त्या एका वर्षात, २०२२ मध्ये, देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली. एखादे मध्यम शहरच नाहीसे व्हावे, तसा हा आकडा आहे.

अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना जुलै २०२१ पासून लागू झाली. तेथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, आणि केंद्राची चाचणी उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयात पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. ही सोय चांगली आहे, पण मग केंद्राच्या प्रामाणिकपणावर सारे अवलंबून राहते. ३८ तास खरोखर भरले की नोंदवहीत भरले, यावर पालकांनी लक्ष ठेवावे. मुलाला अभियांत्रिकीला घालताना आपण महाविद्यालयाची चौकशी करतो, तशीच येथे करावी.

आता थोडे मध्यमवर्गीय घरांविषयी. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण मुलीसाठी स्थळ आले आणि मुलगा ट्रकवर आहे असे कळले, की ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप जातो. (याच घरांतील मुलगा परदेशात जाऊन तेच काम करू लागला, तर शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितले जाते.) १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली आहे. लांब पल्ल्यासाठी त्यात थोडी सवलत आहे. आपला माल उद्या सकाळीच हवा असा हट्ट धरणारा व्यापारी आणि ग्राहक, दोघेही या कायद्याच्या आड येतात. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे, हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना लागू झाला. चालकाचे डोके भट्टीत तापते, हे उमगायला आपल्याला इतकी वर्षे लागली.

वर्गातील मित्रांनो, तुमची अनुज्ञप्ती पाच वर्षांची आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांनी नुसती सही केली, तर हट्टाने डोळे तपासून घ्या. आणि येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. नेत्रतपासणीची शिबिरे आपण सकाळी शाळेत घेतो. त्या वेळी चालक एकतर रस्त्यावर असतो किंवा झोपलेला असतो. पुढचे शिबिर ट्रक तळावर घ्या, रात्री आठनंतर. तेथे चष्म्याचे नंबर काढून देणारे दोघे-तिघे आणि एक जनरेटर, एवढी व्यवस्था पुरेल.